सहाशे अंशांची नोंद

प्रिय चिमणे,

हाताने पत्र लिहून किती वर्षं झाली कोण जाणे. अक्षर लागलं नाही तर रागावू नकोस. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर तू मध्येच हसतेस, "दादा, तुमचे गुडघे काय म्हणतात?" असं विचारतेस, आणि मग जे बोलायचं ते राहून जातं. गेल्या पंधरा दिवसांत तीनदा तुझा नंबर लावला. तिन्ही वेळा गुडघ्यांवरच बोलून फोन ठेवला. म्हणून सकाळपासून कागद घेऊन बसलोय. बसलोय म्हणजे काय, दोन ओळी झाल्या की उठतो, गॅलरीत जातो, परत येतो. तुझी वहिनी दोनदा डोकावून गेली. "परीक्षेला बसल्यासारखं काय चाललंय?" म्हणाली. तिला सगळं ठाऊक आहे, आता ठाऊक आहे. चहा ठेवून गेली. तो गार झाला.

आधी इकडची खबर. छकुलीचं बरं चाललंय. तिच्या संशोधन संस्थेत तिला आता प्रयोगाचं स्वतःचं मशीन मिळालंय, म्हणजे दोघींत मिळून एक, पण ती "माझं मशीन"च म्हणते. वाळली आहे. तुझ्या बोलण्यात बोलते, तुला माहीत आहे का? "आधी मोज, मग बोल" हे तुझं वाक्य ती मलाच ऐकवते. दहावीच्या सुट्टीत तुझ्याकडे महिनाभर राहून आली तेव्हाच पोरगी हातची गेली हे मी ओळखलं होतं. "आत्या म्हणते" हे दोन शब्द आमच्या घरात शेवटचे. त्यावर अपील नाही.

आपल्या लॅबमधलं जुनं व्हॅक्यूम चेंबर मागच्या वर्षी भंगारात काढलं. मी स्वतः नट सोडवले. तुझा पहिला दिवस आठवला. खिडकीच्या काचेपर्यंत डोळे पोचेनात म्हणून तू स्टूल ओढून त्यावर चढलीस आणि आत डोकावायला लागलीस, तेव्हाच मी तुझं नाव चिमणी ठेवलं. त्याच दिवशी तू झाकणाचे बोल्ट एका बाजूने गच्च आवळून तांब्याची चकती वाकडी केलीस. मी ओरडणार होतो, पण तू चकती उचलून म्हणालीस, "ही माझ्याकडे ठेवू? पुन्हा असं केलं तर बघायला." असं बोलणारं माणूस त्या इमारतीत मी आधी पाहिलं नव्हतं. तिथं चूक झाली की आधी दुसऱ्याच्या टेबलावर सरकवायची पद्धत. मग मी तुला समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळायला शिकवलं, आणि तू मला समजावलंस की आपण एवढा खटाटोप कशासाठी करतोय. तुझे गाईड, आपले सर, मला कधी सांगत नसत. त्यांच्या लेखी मी पंपवाला. पंप चालला पाहिजे, बस्स.

तू सांगितलेलं अजून लक्षात आहे. सोनं म्हणजे सुस्त धातू, कशाशी मिसळत नाही, गंजत नाही. पण त्याचे शे-दोनशे अणूंचे बारके ढीग करून पांढऱ्या रंगात असतं त्या टायटॅनियम ऑक्साइडवर बसवले, की तेच सोनं कामाला लागतं, थंडीतसुद्धा विषारी धुराचं निरुपद्रवी हवेत रूपांतर करतं. अडचण एकच. ढीग बारके राहत नाहीत. ऑक्साइडच्या सपाटीवर सोन्याच्या अणूंचा पाय ठरत नाही. ते घरंगळत जातात, पृष्ठभागावर अणूभर उंचीच्या पायऱ्या असतात त्यांच्या कडेला जमतात, एकमेकांत मिसळून ढब्बू गोळे होतात. मग सोनं पुन्हा सुस्त. "दादा, त्यांना सपाटीवरच कसं थांबवायचं, एवढाच प्रश्न आहे," असं म्हणून तू नखाएवढा स्फटिक माझ्या तळहातावर ठेवलास. मी श्वास रोखून धरला होता, फुंकरीनं उडेल म्हणून.

आणि मग ते चित्र आलं. अणू दाखवणाऱ्या त्या सुईच्या मायक्रोस्कोपला जिन्यावरच्या पावलांचासुद्धा धक्का बसे, म्हणून तू दाराबाहेर "चालू नका, तरंगा" अशी पाटी लावली होतीस. चार तास तू जागची हलली नाहीस. पडद्यावर एकेक ओळ उमटत गेली. पायऱ्या जवळजवळ मोकळ्या, आणि सपाटीभर सोन्याचे बारीक, सारख्या आकाराचे ढीग. तू मला हाक मारलीस ती अशी, की मला वाटलं शॉक बसला. सर आले. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. त्या माणसाला खुर्चीशिवाय उभं राहून अर्धा तास बोलताना मी पहिल्यांदा पाहिलं. दोन महिन्यांत तुझा लेख छापून आला, तू परिषदेत बोललीस, परत आलीस ती हवेत.

पुढचं तुला सांगायला नको. दुसऱ्या एका गटाने करून पाहिलं, त्यांना जमलं नाही. नव्या स्फटिकावर तुला जमलं नाही. जुन्यावरही जमलं नाही. सोनं आपलं मुकाट पायऱ्यांशी जाऊन गोळा होई. पाच महिने तू तेच तेच केलंस. डबा तसाच परत न्यायचीस. सरांचा आवाज आधी बारीक झाला, मग थंड झाला. एक दिवस त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "तुझं ते चित्र नक्की त्याच स्फटिकाचं होतं ना?" तू वही पुढे केलीस. त्यात माझ्या अक्षरात नोंद होती, सहाशे अंश, तीस मिनिटं.

इथं मी उठून एक फेरी मारून आलो. आता बसलोय आणि लिहूनच उठणार.

ती नोंद खोटी होती.

त्या सकाळी तू आईला डोळ्यांच्या ऑपरेशनला नेलं होतंस. जाताना सांगून गेलीस, "दादा, स्फटिक सहाशेवर तापवून ठेवाल का? मी दुपारी येऊन सोनं चढवते." मी कंट्रोलर लावला आणि पंपाच्या तेलाकडे वळलो. तासाभराने खिडकीतून आत पाहिलं, तर मंद लाल दिसायला हवा तो स्फटिक भट्टीतल्या निखाऱ्यासारखा नारिंगी झाला होता. आकडा मात्र सहाशेच. तापमान मोजणारी तार धारकापासून सुटून लोंबत होती. तिला पुरती उष्णता लागत नव्हती, म्हणून कंट्रोलर बिचारा करंट वाढवतच गेला होता. हजारापर्यंत गेला असेल, कुणी मोजलंय? मी बंद केलं. निवल्यावर उघडून तार पुन्हा जोडली. मूळचा फिकट स्फटिक निळा पडला होता, शाईचा थेंब पाण्यात पडावा तसा. मी तो तसाच आत बसवला, पंप लावला, आणि वहीत लिहिलं, सहाशे अंश, तीस मिनिटं. तू आलीस ती आईच्या काळजीत. दिव्याच्या पिवळ्या उजेडात, त्या एवढ्याशा खिडकीतून तुला रंग कळला नाही.

का लिहिलं असं? आदल्याच महिन्यात माझ्या हातून एक पंप जळला होता. संचालकांनी बोलावून सांगितलं होतं, "आणखी एक तक्रार आली तर कायम करण्याचा विचार सोडून द्या." तेव्हा मी हंगामीच होतो, आणि तुझ्या वहिनीला सातवा महिना लागला होता. मी स्वतःशी म्हटलं, जास्त तापला तर जास्त स्वच्छ झाला, त्यात काय बिघडलं? हे कारण आहे, सबब नाही. सबब म्हणून लिहायचं असतं तर एवढं लांबवलं नसतं.

याच्या पुढचं त्याहून वाईट आहे. तुझं चित्र आल्यावर दोन दिवसांनी स्फटिक बाहेर निघणार होता. तू निळा रंग पाहशील आणि विचारशील, या धास्तीने मी तो तू यायच्या आत ऑक्सिजनमध्ये तापवला. रंग गेला. पहिल्यासारखा फिकट झाला. म्हणून जुन्या स्फटिकावरही तुला पुन्हा काही मिळालं नाही. तू पाच महिने ज्याच्यावर डोकं आपटत होतीस ती भिंत मी बांधली होती, आणि रोज सकाळी मीच तुला "आज जमेल बघ" म्हणत होतो.

मला तेव्हा कळत होतं का? हा प्रश्न मी स्वतःला इतक्यांदा विचारलाय की आता उत्तराचीच झीज झाली आहे. शास्त्र कळत नव्हतं, हे खरं. पण त्या दिवशी काहीतरी वेगळं घडलं होतं आणि ते फक्त मला ठाऊक होतं, एवढं नक्की कळत होतं. मग तुझ्यावर बसलेल्या चौकशी समितीने मला आत बोलावलं. तिघे बसले होते. मधल्याने विचारलं, "त्या दिवशी उपकरणात काही बिघाड होता?" मी म्हणालो, "नाही सर. सगळं नेहमीसारखं." बाहेर बाकावर तू बसली होतीस. माझ्याकडे पाहून हसलीस, मला धीर द्यायला. मला!

लेख मागे घेतला गेला, आणि तू संस्था सोडून गेलीस त्या दिवशी तुझी पुस्तकांची खोकी मीच बसच्या टपावर चढवली. खाली उभी राहून तू म्हणालीस, "दादा, माझंच कुठंतरी चुकलं असेल हो." शब्द तोंडात आला होता. मी दोरी आवळली. गाठ पक्की आहे का हे तीनदा पाहिलं, तोवर गाडी सुरू झाली. दोन महिन्यांनी मी कायम झालो. छकुली तेव्हा रांगायला लागली होती. तू तिच्यासाठी लोकरीची टोपी पाठवलीस.

त्यानंतरची सव्वीस वर्षं मी एका "कदाचित"वर काढली. कदाचित त्या तापवण्याचा काही संबंध नसेल. कदाचित खरंच तुझी नजरचूक असेल. माणूस स्वतःच्या सोयीचं किती पटकन शिकतो बघ. तू शाळेत शिकवायला लागलीस, मुलं तुझ्यावर जीव टाकतात असं ऐकलं, की मी तुझ्या वहिनीला म्हणायचो, "झालं ते एका परीने बरंच झालं." हे वाक्य मी किती वेळा बोललो असेन त्याची मला आता शिसारी येते.

ते "कदाचित" छकुलीने मोडलं. दीड महिन्यापूर्वी दुपारी जेवताना ती नव्या कामाबद्दल सांगत होती. म्हणाली, "बाबा, सोन्याला बसायला खड्डा लागतो. ऑक्साइडच्या वरच्या थरातले ऑक्सिजनचे थोडे अणू उडवून लावले की जागोजागी रिकाम्या जागा पडतात. सोनं घरंगळत येतं आणि तिथं अडकतं. एकदा अडकलं की तिथंच त्याचा बारका ढीग होतो, पायरीपर्यंत जातच नाही."

मी विचारलं, "ऑक्सिजन उडतो कसा?"

"व्हॅक्यूममध्ये खूप तापवायचं. स्फटिक निळा पडला की समजायचं, जागा रिकाम्या झाल्या."

माझा घास हातातच राहिला. तिने विचारलं, "काय झालं?" मी उठून हात धुतले. आठ दिवस मी घरात नुसता फिरत होतो. एक कपाट आवरायला काढलं ते तसंच राहिलं, दोन नळांचे वायसर बदलले, एक चांगला नळ उगाच उघडून बिघडवला. शेवटी छकुलीला समोर बसवून सगळं सांगितलं. तुझी वहिनीही ऐकत होती. तिनेही त्याच दिवशी पहिल्यांदा ऐकलं. ती एवढंच म्हणाली, "माझ्या सातव्या महिन्याच्या नावावर खपवलंत?" आणि आत गेली.

छकुली मला एरवी अरे-तुरे करते. त्या दिवसापासून तिने मला "तुम्ही" म्हणायला सुरुवात केली. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. नवव्या दिवशी म्हणाली, "तुम्ही मला सांगून मोकळे झालात. मला आता आत्याशी बोलता येत नाही, त्याचं काय?" मग थोड्या वेळाने, "मंगळवारी माझ्या लॅबमध्ये या. त्या दिवशी काय केलं होतंत, ते करून दाखवा."

गेलो. तार कशी सुटली होती, किती अंतरावर लोंबत होती, ते दाखवलं. तिने तस्सं केलं. आकडा सहाशे आणि आत निखारा. निवल्यावर निळा. तिने सोन्याची तार तापवून त्याची वाफ स्फटिकावर धरली, तू धरायचीस तितकीच सेकंदं. मग सुई लावली. मी भिंतीला टेकून उभा. ओळीमागून ओळ उमटत गेली. पायऱ्या मोकळ्या, आणि सपाटीभर ढीग. तिने तुझ्या लेखाचं पान पडद्याशेजारी टेकवून ठेवलं. दोन्ही चित्रं पुन्हा पुन्हा ताडून पाहिली. मग म्हणाली, "आत्याचंच आहे." तिचे डोळे भरले होते, पण तिने पुसले नाहीत, कारण हात मशीनवर होते. नंतर तोच स्फटिक ऑक्सिजनमध्ये तापवून पुन्हा केलं, तर सोनं पायऱ्यांशी गोळा. असं तीनदा केलं. तिन्ही वेळा तेच. तुझं काहीही चुकलं नव्हतं, चिमणे. तू जे पाहिलंस ते तिथं होतं.

मी लेखी निवेदन करून संचालकांना दिलं. आताचे संचालक तरुण आहेत. वाचून म्हणाले, "निवृत्तीला बारा दिवस राहिलेत तुमच्या. कशाला उकरून काढता?" मी म्हटलं, "बारा दिवस आहेत म्हणूनच. नंतर मी बाहेरचा माणूस." निवेदन तुझ्या फाइलला लागलंय. ज्या नियतकालिकाने तुझा लेख मागे घेतला होता त्यांनाही पाठवलंय, छकुलीच्या चित्रांसकट. सरांच्या घरीही जाऊन आलो. कानाने कमी ऐकतात, म्हणून त्यांना कागद वाचायला दिला. त्यांनी दोनदा वाचला. म्हणाले, "मी तुला कधी विचारलंच नाही. पंपवाल्याला काय विचारायचं, असं वाटलं." मग फोनकडे हात नेला. मी थांबवलं. म्हटलं, "आधी मी सांगतो. मग तुम्ही."

आता हे पत्र आजच का, ते सांगतो. सोमवारी ऑफिसात झेरॉक्सच्या मशीनवर माझ्या निरोप समारंभाची पत्रिका पडलेली दिसली. मला कळू न देता ठरवलेलं. प्रमुख वक्ता म्हणून तुझं नाव, आणि विषय "सरळ माणूस". ऑफिसातल्या बाई ओशाळून म्हणाल्या, "तुम्हाला चकित करायचं होतं. त्या म्हणाल्या, या इमारतीत पुन्हा पाऊल ठेवणार नव्हते, पण दादांसाठी येईन." तेव्हापासून माझा एका जागी पाय ठरलेला नाही. ते भाषण तू करू नकोस. माझ्यासाठी तर मुळीच येऊ नकोस. शनिवारी साडेतीनला, तुझ्या भाषणाच्या जागी मीच उभा राहणार आहे, आणि वर लिहिलं ते सगळं, समितीसमोर दिलेल्या त्या उत्तरासकट, माईकवर सांगणार आहे. ज्यांनी तुझ्याबद्दल कुजबूज केली त्यातले अर्धेअधिक अजून तिथं आहेत. त्यांनी ते माझ्या तोंडून ऐकायला हवं. तू समोर असलीस तरी सांगेन, नसलीस तरी सांगेन. यायचं की नाही, माझ्याशी बोलायचं की नाही, हे तू ठरव. माझ्याकडून आग्रह नाही, आणि माफीही मागत नाही. ती मागितली की द्यायचं ओझं पुन्हा तुझ्यावरच. छकुलीला मात्र फोन कर. महिनाभर ती फोनजवळ घुटमळतेय. चारला टपाल निघतं, मी स्वतःच पेटीपर्यंत जातोय.

तुझाच,
दादा